दशरथाची घाई, रामाचं दैव आणि आपली साडेसाती



आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, अयोध्याकांड, सर्ग २२ आणि २३. सोबत चौथा सर्गही पुन्हा उघडून ठेवा. तो आपण आधीच वाचलाय, पण आज त्याची गरज पडणार आहे.

आपल्या वयाचे, म्हणजे तिशी ओलांडलेले किंवा ओलांडायच्या बेतात असलेले चार जण कुठेही जमले, की चहा संपायच्या आत एक प्रश्न येतोच. "तुझी रास कुठली रे? मीन? मग चालूच आहे की तुझं!" नोकरी गेली, लग्न जमत नाही, जमलेलं मोडलं, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आलं, फ्लॅटचा हप्ता डोक्यावर आहे. हे सगळं एका शब्दात बसवायची सोय आपल्याकडे आहे. रीलवाले त्याला 'सॅटर्न रिटर्न' म्हणतात, आजी पनवती म्हणते, बाकीचे साडेसाती. आणि गंमत म्हणजे तो शब्द ऐकला की थोडं बरं वाटतं. निदान कारण तरी सापडलं!

मला त्या बरं वाटण्याविषयीच बोलायचंय. रामावर विश्वास ठेवणाऱ्यानं शनीकडे कसं बघायचं? आयुष्यात काही बिघडलं तर ते कुणाच्या खात्यावर मांडायचं, माझ्या, समोरच्याच्या की ग्रहाच्या?

आधी थोडा हिशोब करू, कारण या विषयावर बोलणारे फार लोक हिशोब करत नाहीत. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशी, म्हणजे एका राशीत जवळपास अडीच वर्षं. शनैश्चर या नावाचा अर्थच हळूहळू चालणारा. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि पुढची रास असे तीन मुक्काम मिळून साडेसाती. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत आला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष या तिघांना साडेसाती. (टिळक पंचांग पाळणाऱ्यांचं अयनांश वेगळं, त्यामुळे त्यांच्याकडे राशी बदलण्याची तारीखही वेगळी. म्हणजे साडेसाती सुरू होण्याच्या दिवसावरही आपलं एकमत नाही.) बारातल्या तीन राशी म्हणजे कुठल्याही क्षणी चौघांतला एक. त्यात अडीचकीवाले धरले, म्हणजे सध्याचे सिंह आणि धनू, तर बारातले पाच झाले.

आता तिशीचं बघा. तीस ते चाळीस या दहा वर्षांत साडेसातीचा एखादा तरी तुकडा आपल्या वाट्याला येण्याची शक्यता दहात सहा इतकी निघते. आणि तो 'सॅटर्न रिटर्न', म्हणजे जन्मवेळी शनी जिथे होता तिथे तो परत येणं, हे तर साडेएकोणतीस-तिसाव्या वर्षी प्रत्येकाचंच होतं. १९९६-९७ मध्ये जन्मलेल्यांच्या पत्रिकेत शनी मीनेत आहे आणि तो आज पुन्हा मीनेत आहे. म्हणजे दहावीच्या अख्ख्या बॅचचं एकदमच चालू आहे! त्याच बॅचमधली एक मैत्रीण गेल्या महिन्यात आई झाली असेल, दुसरा कोर्टाच्या पायऱ्या चढत असेल, तिसरा अंबडच्या कंपनीत पहिल्यांदाच सुपरवायझर झाला असेल. शनी एकच.

ज्योतिष खरं की खोटं हा वाद मी आज घालणार नाही. माझं मत विचाराल तर आकाशातला शनी माझी नोकरी घालवतो असं मला वाटत नाही. पण तीस वर्षांनी एक घड्याळ टोल देतं आणि त्या टोलाला आपल्या पूर्वजांनी नाव दिलं, यात मला शहाणपण दिसतं. तिशीत आईवडील म्हातारे व्हायला लागतात, 'पुढे बघू' म्हणून टाकलेल्या गोष्टी समोर येऊन बसतात, शरीर पहिल्यांदा नाही म्हणतं. त्या वळणावर कुणीतरी हळूहळू चालणारा, कडक, न हसणारा मास्तर उभा केला, हे मला पटतं. ते मानायला पत्रिका लागतेच असं नाही.

आणि आपण नाशिककर. आपल्याइतकं गोचरावर जगणारं गाव दुसरं दाखवा! गुरू सिंहेत शिरला की या शहराचे रस्ते खणले जातात, पूल बांधले जातात, घाट धुतले जातात. १९९१, २००३, २०१५ आणि आता ३१ ऑक्टोबर २०२६ चा ध्वजारोहणाचा मुहूर्त. १९९१ च्या सिंहस्थात पंचवटीत जन्मलेलं मूल २००३ मध्ये बारा वर्षांचं होतं, २०१५ मध्ये चोवीस, आणि २०२७ च्या स्नानांना छत्तीस. माणसाचं आयुष्य कुंभांत मोजता येतं इथे. "तू झालास तो आधीच्या सिंहस्थात की नंतरच्या?" हा प्रश्न जुन्या घरांत अजून विचारतात.

आता याच सिंहस्थाची दुसरी बाजू. ज्या गुरूसाठी लाखो माणसं रामकुंडात आणि कुशावर्तात डुबकी मारतात, तोच सिंहेतला गुरू लग्नाला वर्ज्य. धर्मसिंधूसारख्या निर्णयग्रंथांत हा निषेध मुख्यतः गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशाला सांगितलाय. नकाशा डोळ्यांसमोर आणा. पंचवटी नदीच्या त्या अंगाला, जुनं नाशिक या अंगाला. अहिल्यादेवी होळकर पुलावरून चालत पाच मिनिटांत दोष लागतो आणि सुटतो! मी चेष्टा करत नाहीये. हे नियम लिहिणारे मूर्ख नव्हते. त्यांना कुठेतरी रेघ ओढायची होती आणि नदीपेक्षा चांगली रेघ सापडणार कुठे? पण ज्या मुलीचं लग्न आधीच दोन वर्षं लांबलंय आणि आता घरचे म्हणतायत की सिंहस्थ होऊ दे, तिनं हे जरूर लक्षात ठेवावं की शास्त्रानं स्वतःच पळवाटा ठेवल्यात. जिथे शास्त्र सैल आहे तिथे आपण गाठ आवळू नये.

आणि एक आठवण, जी नाशिककर विसरत नाहीत. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थ पर्वणी. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. ते सगळे आकाशातल्या सर्वांत शुभ योगासाठी आले होते. त्यांच्या घरच्यांसमोर जाऊन 'दैव' हा शब्द उच्चारायची कुणाची छाती आहे? त्या वाटेचा उतार, गल्लीची रुंदी, गर्दीला सोडण्याची आणि थांबवण्याची पद्धत, या गोष्टी ग्रहांच्या ताब्यात नव्हत्या. चौकशी आयोग नेमला गेला तो माणसांनी काय केलं आणि काय केलं नाही हे बघायला. २०१५ चं सिंहस्थ तशी दुर्घटना न होता पार पडलं, तेव्हाही गुरू सिंहेतच होता.

आता चौथ्या सर्गाकडे या. हा सर्ग मी बऱ्याच वेळा वाचलाय आणि प्रत्येक वेळी थांबतो. रामाच्या अभिषेकाचं ठरलंय, प्रजेनं होकार दिलाय, राम घरी गेलाय. आणि दशरथ त्याला पुन्हा बोलावतो. सुमंत्र दारात आलेला पाहून रामालाही शंका येते की आता काय? दशरथ त्याला एकट्याला सांगतो : मला वाईट स्वप्नं पडतायत, दिवसा उल्का पडताना दिसतायत, आणि दैवज्ञ सांगतात की माझ्या जन्मनक्षत्राला सूर्य, मंगळ आणि राहू यांनी घेरलंय. अशा वेळी राजा मरतो किंवा घोर संकटात सापडतो. म्हणून माझं मन बदलायच्या आत, उद्या पुष्य नक्षत्रावर, तुझा अभिषेक उरकून टाकू. आणि पुढे तो जे म्हणतो ते फार महत्त्वाचं आहे. भरत इथे नाही तोवरच हे व्हावं असं मला वाटतं. भरत चांगला आहे, पण माणसाचं मन, कुणी सांगावं!

म्हणजे बघा, रामायणाची सगळी घसरण सुरू होते त्या रात्री एक बाप गोचराला घाबरून घाई करतोय. दैवज्ञ चुकले का? मुळीच नाही, दशरथ थोड्याच दिवसांत गेला. भाकीत अक्षरशः खरं ठरलं. पण भाकितानं त्याला काय करायला लावलं? ज्या मुलावर संशय घ्यायचं काही कारण नव्हतं त्याच्यावर संशय घ्यायला लावलं. त्याच्या माघारी, चोरून केल्यासारखा सोहळा ठरवायला लावलं. आणि मंथरेच्या हाती आयतं कोलीत दिलं. तिला कैकेयीचे कान भरायला नेमका हाच मुद्दा पुरला की बघ, भरताला मामाच्या घरी धाडून इकडे परस्पर उरकतायत. भरत घरात असता तर? 'असता तर'ला अर्थ नसतो हे खरं, पण भरताला आपण ओळखतो. त्यानं पहिला नमस्कार रामालाच केला असता.

म्हणून कुणी मला विचारलं की पत्रिका दाखवू का, तर मी उलट विचारतो, दाखवल्यावर तुझ्या वागण्यात काय बदलणार आहे? तू जास्त सावध, जास्त प्रेमळ, जास्त शिस्तीचा होणार असशील तर खुशाल दाखव. सासूच्या राशीमुळे आपलं पटत नाही, बॉसचा मंगळ माझ्या चंद्रावर आहे, बहिणीच्या साडेसातीत तिला पैसे देऊ नयेत, असलं काही तिथून घेऊन येणार असशील तर ते दशरथाचंच दुखणं आहे.

(भीती दाखवून हजारोंच्या शांती विकणाऱ्यांबद्दल काय बोलणार? त्र्यंबकेश्वरी जाऊन मनापासून केलेली पूजा ही पूजाच असते. 'नाही केलीत तर बघा' असं ज्या क्षणी कुणी म्हणतं, त्या क्षणी तिथून उठावं.)

आता आजचे सर्ग. अभिषेक रद्द झालाय. लक्ष्मण संतापानं फुत्कारतोय, डोळ्यांत पाणी आहे. आणि बाविसाव्या सर्गात राम त्याला समजावताना तो शब्द वापरतो, दैव. त्याचा युक्तिवाद काय आहे हे नीट बघा. तो म्हणतो, कैकेयीनं माझ्यात आणि भरतात कधी भेद केला नाही. इतकी वर्षं जिनं मला जीव लावला ती बाई एका रात्रीत असं बोलते, तर हे तिचं बोलणं वाटत नाही. हे दैव आहे. तिला दोष देऊ नकोस.

मला हे वाचताना पहिल्यांदा लख्ख जाणवलं ते हे, की रामानं दैव हा शब्द स्वतःसाठी वापरलेला नाही. 'माझं नशीबच खोटं' असं तो म्हणत नाही. तो शब्द त्यानं कैकेयीच्या अंगावर शालीसारखा टाकलाय. स्वतःच्या बाबतीत मात्र तो लगेच कामाला लागतो. लक्ष्मणाला सांगतो, अभिषेकाचं सामान आवर. हे जे कलश भरून ठेवलेत, यांच्याच पाण्यानं माझं वनवासाच्या व्रताचं स्नान होईल. आणि मग क्षणभर थांबून म्हणतो, नाही, हे राजाचं पाणी कशाला, माझं पाणी मीच काढून घेईन. मंडळी, या एका तपशिलासाठी वाल्मीकींना साष्टांग दंडवत. ज्याचं राज्य गेलं तो माणूस स्वतःचं पाणी स्वतः शेंदायचं म्हणतोय. याला दैववाद म्हणायचं तर म्हणा!

आपण नेमकं उलटं करतो. माझा प्रोजेक्ट बुडाला तर माझी साडेसाती. त्याचा बुडाला तर तो आळशी. मी चिडलो तर माझा मंगळ, ती चिडली तर तिचा स्वभाव. ग्रह आपल्या वकिलीला आणि दुसऱ्याला मात्र थेट शिक्षा. राम तोच वकील कैकेयीला देऊन टाकतो.

तेविसाव्या सर्गात लक्ष्मण हे ऐकून घेत नाही, आणि बरं झालं, कारण तो आपल्या सगळ्यांच्या वतीनं बोलतो. दैव-दैव हे दुबळ्यांचं बोलणं आहे, म्हणतो. पराक्रमी माणूस दैवाच्या मागे जात नाही, आज लोक बघतील दैव मोठं की माणूस. शाळेत असताना मला लक्ष्मणच पटायचा. आजही त्याचं बोलणं खोटं वाटत नाही, फक्त त्याचा बाण चुकीच्या दिशेला आहे असं वाटतं. त्याला त्याच्या पुरुषार्थानं दुसऱ्यांना वाकवायचं आहे. रामाचा पुरुषार्थ स्वतःला धरून ठेवण्यात खर्च होतोय, आणि तो कमी नाही. राम वाद घालत नाही, लक्ष्मणाचे डोळे पुसतो आणि म्हणतो, मी वडिलांच्या शब्दाला धरून उभा आहे.

दैव म्हणजे काय याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर लोकमान्यांच्या गीतारहस्यातलं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितलीत : जागा, करणारा, साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. टिळक तिथे शेतीचं उदाहरण घेतात. पीक एकट्या शेतकऱ्याच्या कष्टाचं नसतं. जमीन, बी, पाणी, बैल या सगळ्यांचे आपापले व्यापार चालू असतात. त्यातले जे आपल्याला कळत नाहीत, आपल्या हातात नाहीत, त्यांना आपण दैव म्हणतो. निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. तो एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो तेव्हा बाग भुंडी दिसते. पुढच्या काही महिन्यांत काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरला पुन्हा छाटणी, मग फळ. आणि माल तयार असताना एका रात्रीची अवकाळी सगळं घेऊन जाऊ शकते. म्हणून तो छाटणी चुकवत नाही, आणि शेजाऱ्याची बाग झोडपली गेली तर 'याचं काहीतरी चुकलंच असणार' असंही म्हणत नाही. पाचात एक दैव. चार उरतात, ते आपले. पण पाचवं आहे, हे शेजाऱ्याकडे बघताना आठवायचं.

इथे कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं : मग काय, छळणाऱ्यालाही 'त्याचं दैव' म्हणून सोडून द्यायचं? सासरी मार खाणाऱ्या मुलीनं रामाचं उदाहरण घेऊन गप्प बसायचं?

नाही. आणि यासाठी आपल्याच घरातली पोथी काढा, शनिमाहात्म्य. शनिवारी आजी वाचायची ती. विक्रम राजा भर सभेत शनीची थट्टा करतो आणि त्याची साडेसाती सुरू होते. परक्या गावात एका व्यापाऱ्याच्या घरी तो जेवायला असतो, भिंतीवरच्या चित्रातला हंस रत्नहार गिळतो, व्यापारी विक्रमाला चोर ठरवतो आणि तिथला राजा चंद्रसेन त्याचे हातपाय तोडायला लावतो. उज्जैनहून त्या गावात लग्न होऊन आलेली एक तेल्याची सून त्याला ओळखते, त्याला घरी नेतात, तो घाण्यावर बसतो. आपण ही गोष्ट नेहमी विक्रमाच्या जागेवरून ऐकतो. एकदा बाकीच्यांच्या जागेवरून ऐकून बघा. हंसानं हार गिळला ती शनीची लीला, मान्य. पण शहानिशा न करता आरोप करणारा व्यापारी? एका बाजूचं ऐकून अवयव तोडणारा राजा? त्यांना शनीनं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी जे केलं ते त्यांचं. तेल्याच्या सुनेलाही कुणी सांगितलं नव्हतं. साडेसाती विक्रमाची होती, पण त्या साडेसातीत कोण कसा वागला, तो हिशोब ज्याचा त्याचा.

म्हणून ज्या मुलीवर अन्याय होतोय तिला 'तुझी साडेसाती आहे, सोस' म्हणणारा रामाच्या बाजूचा नाही, चंद्रसेनाच्या बाजूचा आहे. रामानं क्षमा केली ती स्वतःच्या नुकसानीची. दुसऱ्याच्या नुकसानीची क्षमा वाटायचा अधिकार कुणालाच नसतो. आणि पोथीच्या शेवटी शनी प्रसन्न होऊन वर माग म्हणतो तेव्हा विक्रम काय मागतो, आठवतंय? हातपाय नाही, राज्य नाही. मला गांजलंस तसं दुसऱ्या कुणाला गांजू नकोस, इतकंच. सभेत थट्टा करणारा तो माणूस आणि हा माणूस, मधे साडेसात वर्षं आहेत.

'दुःखानं माणूस मोठा होतो' हे वाक्य आजकाल फार स्वस्त झालंय. तुकोबांच्या वाट्याला दुष्काळ आला, धंदा बसला, पहिली बायको अन्न-अन्न करत गेली, मुलगा गेला. हे सगळं विशीत, साधारण १६३० च्या आसपास. पुढे एका अभंगात ते या सगळ्याबद्दल विठ्ठलाचे आभार मानतात. अंगावर काटा येतो. पण ते आभार त्यांनी स्वतः मानलेत, स्वतःच्या दुःखाबद्दल, आणि नंतर. त्या दुष्काळात देहूच्या एखाद्या शेजाऱ्यानं येऊन 'तुकोबा, यातून तुमची ग्रोथ होणार बघा' म्हटलं असतं तर? मित्राचा ले-ऑफ झाला त्या आठवड्यात त्याला शनी हा किती चांगला गुरू आहे हे सांगू नका. त्याचा सीव्ही चार जणांना पाठवा. तेल्याच्या सुनेनं शनीचं तत्त्वज्ञान सांगितलं नाही, घरी नेलं.

आता थोडं पुढचं सांगतो. आपलं वाचन तिथवर पोचायचं आहे, रागावू नका. बाविसाव्या सर्गातला इतका शांत राम वाचून वाटतं की हे आपल्याला जमणारं नाही, तो देवच. पण वाल्मीकी लपवत नाहीत. याच कांडाच्या त्रेपन्नाव्या सर्गात, गंगा ओलांडल्यावर, सुमंत्र परत गेलाय, आजूबाजूला कुणी नाही, अशा पहिल्या रात्री राम झाडाखाली बसून कोसळतो. बापाला बोल लावतो. कैकेयीबद्दल बोलतो, ती आपल्या आयांना विषसुद्धा घालील म्हणतो. लक्ष्मणाला सांगतो, तू उद्या परत जा, माझ्या आईला सांभाळ. रडतो आणि मग गप्प बसून राहतो. 'तिला दोष देऊ नकोस' म्हणणारा तो हाच. आणि त्या रात्री धीर कोण देतं? दैवाला शिव्या घालणारा लक्ष्मण.

अरण्यकांडात सीता रावणाला सांगते त्या हिशोबानं वनवासाला निघताना राम पंचवीस वर्षांचा होता. म्हणजे रामाची अख्खी तिशी वनात गेली. दहा वर्षं ऋषींच्या आश्रमांतून फिरण्यात, आणि शेवटची काही आपल्या इथे, पंचवटीत. इथला एक सर्ग आहे, अरण्यकांडाचा सोळावा. हेमंत ऋतू, पहाटेचं धुकं, तिघं गोदावरीवर स्नानाला निघालेत. लक्ष्मण थंडीचं वर्णन करता करता भरताची आठवण काढतो, तोही या वेळी शरयूवर थंड पाण्यात उतरत असेल म्हणतो. आणि त्या भरात कैकेयीबद्दल कडवट बोलून जातो. इतक्या वर्षांनंतरही. राम त्याला थांबवतो. मधल्या आईची निंदा करू नकोस, भरताचंच बोल, म्हणतो.

बाविसाव्या सर्गात हेच वाक्य त्यानं बुद्धीनं म्हटलं होतं असं मला वाटतं. त्रेपन्नाव्यात ते मोडलं. पंचवटीत ते पुन्हा आलं, तेव्हा त्यात दैव हा शब्दही नाही, युक्तिवादही नाही. मधे बारा-तेरा वर्षं गेलीत, म्हणजे गुरूची एक फेरी. पुढच्या वेळी डिसेंबरात पहाटे रामकुंडावर गेलात तर हा सर्ग मोबाइलवर उघडून वाचा. पाणी तेव्हाही तितकंच गार लागतं.

उद्या सर्ग २४. कौसल्या म्हणते, वासरामागे गाय जाते तशी मीही तुझ्यामागे येते. रामाला आता आईला 'नाही' म्हणायचं आहे.

राम कृष्ण हरी.